नोआँ: गावाच्या हातून घडलेली कला

पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकावरून सुटलेली आगगाडी सुमारे दोन तासांत शातोरूला पोचते. तिथून ला शात्रच्या रस्त्याला लागलं, की तीसेक किलोमीटरवर नोआँचा फाटा येतो. मुख्य रस्त्यावरून गावाचा पत्ताही लागत नाही. आत वळलं, की एकदम चौकच. मध्ये जुन्या झाडांची सावली, एका कडेला सेंट अ‍ॅनचं बसकं, इवलंसं चर्च, त्याच्या दारापुढे लाकडी खांबांवर काढलेली कौलारू पडवी, आणि समोर कुंपणाच्या भिंतीआड अठराव्या शतकातलं एक मोठं, साधं घर. झालं गाव. नोआँ आणि शेजारचं व्हिक यांची मिळून एक ग्रामपंचायत आहे आणि दोन्हींची वस्ती पाचशेच्या आसपास.

हा मुलूख बेरी प्रांताचा, फ्रान्सच्या अगदी मधोमध. इथे समुद्र नाही, उंच डोंगर नाहीत, जगभर नाव झालेलं शहरही जवळपास नाही. तरीही या घरात शोपँने आपल्या उत्तमोत्तम रचना लिहिल्या, देलाक्रवाने चित्रं काढली, आणि बाल्झाक, लिस्ट, फ्लोबेर, तुर्गेनेव मुक्कामाला येऊन गेले. या सगळ्यांना इथे खेचून आणणारी एक बाई होती. तिचं नाव ऑरोर द्युपँ. साहित्यात ती जॉर्ज सँड म्हणून ओळखली जाते.

नोआँला येणारे बहुतेक लोक या पाहुण्यांच्या नावांसाठी येतात. येताना माझ्याही मनात शोपँच होता. पण घर, चर्च आणि आजूबाजूची वाट पायाखाली घातल्यावर मला जे दिसलं ते वेगळं होतं. इथली कला पॅरिसहून सुट्टीला आली आणि सुट्टी संपल्यावर परत गेली, असं झालेलं नाही. गावातला सुतार, स्वयंपाकघरातली मोलकरीण, मशकवाद्य वाजवणारे वादक, संध्याकाळी गोष्टी सांगणारा कारागीर, या सगळ्यांचे हात तिला लागले आहेत. हे लक्षात ठेवून पाहिलं, तर नोआँ फार मोठं होतं.

ऑरोरचा जन्म १ जुलै १८०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. तिच्या रक्तातच दोन टोकं एकत्र आली होती. वडिलांकडून ती मार्शल मॉरिस द साक्स या नामांकित सेनापतीची पणती, म्हणजे पोलंडचा राजा दुसरा ऑगस्टस याच्या वंशातली. आईचे वडील मात्र पॅरिसमध्ये नदीकाठी पक्षी विकत. वडिलांच्या आईने, मादाम द्युपँ द फ्रांकय यांनी, राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९३ मध्ये नोआँचं हे घर विकत घेतलं होतं. १८०८ मध्ये चार वर्षांची ऑरोर इथे आली आणि त्याच वर्षी तिचे वडील ला शात्रजवळ घोड्यावरून पडून गेले. मग आजी आणि आई यांच्या ओढाताणीत पोर वाढली. सकाळी आजीकडून संगीत आणि रीतभात शिकायची, दुपारी गावातल्या मुलांबरोबर गुरांमागे, शेतांतून भटकायचं. तिचे शिक्षक देशार्त्र हे काही काळ गावचे मेयर होते आणि गोरगरिबांना औषधपाणीही करत. त्यांच्याबरोबर हिंडून तीही आजाऱ्यांची सेवा शिकली आणि पुढे आयुष्यभर करत राहिली.

डिसेंबर १८२१ मध्ये आजी गेली आणि सतराव्या वर्षी घर तिच्या नावावर झालं. पुढच्याच वर्षी काझिमीर द्युदव्हाँ याच्याशी लग्न झालं. कायद्याने बायकोची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जाई. स्वतःच्याच घरात तिला स्वतःचा अधिकार उरला नाही. १८३१ मध्ये ती पॅरिसला गेली, लेखणीवर पोट भरू लागली, आणि १८३२ मध्ये ‘अँदियाना’ ही कादंबरी ‘जॉर्ज सँड’ या पुरुषी नावाने आली. १८३६ मध्ये कोर्टाकडून नवऱ्यापासून फारकत मिळाली तेव्हाच नोआँ पुन्हा तिच्या हाती आलं. ‘अँदियाना’मध्ये लग्नातल्या बाईची घुसमट आहे; ती कुठून आली हे हे घर बघताना कळतं.

घर गाइडबरोबरच पाहता येतं. तळमजल्यावर आधी स्वयंपाकघर लागतं: ओळीने टांगलेली तांब्याची भांडी, मोठी चूल, आणि कुठल्या खोलीतून बोलावणं आलं हे कळावं म्हणून भिंतीवर लावलेल्या घंटा. सँडला मुरांबे करायची हौस होती आणि ते काम ती दुसऱ्यावर सोडत नसे. शेजारच्या जेवणघरात छताला मुरानोच्या रंगीत काचेचं झुंबर आहे, खाली टेबल मांडलेलं आहे, आणि प्रत्येक ताटाशी एकेका पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी ठेवलेली आहे.

दिवाणखान्यातल्या लंबगोल टेबलापाशी मी बराच वेळ रेंगाळले. हे टेबल कुठल्या पॅरिसच्या दुकानातून आलेलं नाही. पिएर बोनँ या गावच्याच सुताराने ते घडवलं. संध्याकाळी सगळं घर या टेबलाभोवती जमे. कोणी वाचून दाखवी, कोणी चित्रं काढी, सँड शिवणकाम घेऊन बसे आणि कोपऱ्यात पियानो चाले. या टेबलाभोवतीच्या बैठकांवर तिने लेखमालाच लिहिली. फ्रेंच साहित्यातल्या केवढ्या गप्पांना या सुताराच्या कामाने आधार दिला आहे!

पुढे आजीची खोली, आणि तिला लागून एक चिमुकली खोली. संसाराच्या दिवसांत, मुलं शेजारी निजलेली असताना, ऑरोर इथे झुल्यावर झोपे आणि एका कपाटाची फळी खाली ओढून त्यावर लिही. आत्मचरित्रात तिने त्या काळातला एक सोबती सांगितला आहे: कपाटात मुक्कामाला आलेला रातकिडा. पाकिटं चिकटवायच्या खळीच्या टिकल्या खाऊन तो जगायचा, तिच्या कागदावरून फिरायचा. एक दिवस मोलकरणीने खिडकी लावताना तो चिरडला गेला. ऑरोर त्या मेलेल्या किड्याकडे बघत किती वेळ बसली आणि एक पर्व संपल्यासारखं तिला कसं वाटलं, हे तिने फार आपुलकीने लिहिलं आहे. त्यानंतर थोड्याच काळात ती पॅरिसला निघाली. स्वतःच्या मालकीच्या एवढ्या मोठ्या घरात तिला लिहायला जागा मिळाली ती कपाटातली.

शोपँ इथे पहिल्यांदा १८३९ च्या उन्हाळ्यात आला. नंतर १८४१ पासून १८४६ पर्यंत दर उन्हाळ्यात, असे एकूण सात उन्हाळे. तेव्हा शातोरूपर्यंत आगगाडी नव्हती. घोडागाडीचा लांबलचक, हाडं खिळखिळी करणारा प्रवास. त्याच्यासाठी पॅरिसहून प्लेयेल कंपनीचा पियानो येई. शोकयात्रेच्या संगीतासाठी प्रसिद्ध असलेला त्याचा दुसरा सोनाटा इथे पुरा झाला; तिसरा सोनाटा, चौथं बॅलड, ‘हिरॉइक’ म्हणून ओळखला जाणारा पोलोनेझ, ‘बार्कारोल’, हे सगळं नोआँच्या उन्हाळ्यांतलं. पॅरिसच्या हिवाळ्यात शिकवण्या आणि मैफली यांत त्याचा वेळ जाई. सलग लिहायला सवड मिळे ती इथे. त्याचं काम कसं चाले हे सँडने लिहून ठेवलं आहे. सूर त्याला चालता चालता, अवचित सुचत. मग तो दिवसचे दिवस दार लावून बसे, येरझारा घाली, रडे, टाक मोडी, एकच ओळ शंभरदा बदले, आणि एका पानावर सहा आठवडे घालवून शेवटी पहिल्यांदा लिहिलं होतं तेच कायम करी.

त्याची खोली आता नाही. १८४७ मध्ये दोघांचं बिनसलं आणि सँडने त्या खोलीचे भाग पाडून टाकले. उरलं आहे ते आवाज अडवण्यासाठी आतून गादी भरलेलं दार. घरातला गोंगाट त्याच्यापर्यंत जाऊ नये आणि त्याची तगमग बाहेर ऐकू येऊ नये, दोन्ही कामं या दाराने केली. शोपँचा गावाशी संबंध मात्र या दाराशी थांबला नाही. बेरीतल्या बुरे या लोकनृत्याच्या चाली त्याने स्वतः स्वरलिपीत उतरवून घेतल्या. गायिका पोलिन व्हियार्दो इथे यायची तेव्हा तीही शेतकऱ्यांची गाणी टिपून घेई. पॅरिसच्या ऑपेरात गाजलेली बाई खेड्यातल्या गाणाऱ्यांपुढे शिष्यासारखी बसायची.

देलाक्रवा १८४२, १८४३ आणि १८४६ मध्ये आला. बागेकडे उघडणाऱ्या खिडकीतून शोपँचं वादन, बुलबुलांचं गाणं आणि गुलाबांचा वास एकदमच येतो, असं त्याने मित्राला कळवलं होतं. याच बागेचं त्याने काढलेलं चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. पण नोआँची खरी ओळख पटवणारं चित्र दुसरं. १८४२ मध्ये त्याला घरात काम करणारी फ्रान्स्वाज एका लहान मुलीला जवळ घेऊन बसलेली दिसली. त्यावरून त्याने ‘कुमारी मेरीचं शिक्षण’ हे चित्र सुरू केलं. कॅनव्हास हाताशी नव्हता, म्हणून घरात शिवणकामासाठी आणलेलं जाड कापड ताणून बसवलं. सेंट अ‍ॅन म्हणजे मेरीची आई; ती लेकीला वाचायला शिकवते आहे. गावच्या चर्चची संतही अ‍ॅनच, आणि चित्र त्या चर्चसाठीच काढलेलं. संत म्हणून रंगवलेली बाई मात्र याच घरात केरवारा करणारी. मूळ चित्र आता पॅरिसच्या देलाक्रवा संग्रहालयात आहे. नोआँला येण्याआधी ते पाहून यावं.

शोपँच्या जाण्यानंतर घरात नाटकाचा जोर वाढला. तळमजल्यावरच्या एका खोलीत छोटं रंगमंदिर बांधलं गेलं. ते आजही जसंच्या तसं आहे. पॅरिसला जाणारी नाटकं आधी इथे घरचे लोक, मित्र आणि शेजारीपाजारी यांच्यापुढे करून बघितली जात. एका अंगाला सँडचा मुलगा मॉरिस याचं बाहुल्यांचं थिएटर. आपल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांसारख्या या दोरीवर नाचत नाहीत. मोज्यासारख्या हातात चढवायच्या. शंभरावर बाहुल्यांची डोकी मॉरिसने लाकडात कोरली आणि कपडे आईने शिवले. जवळून पाहिलं तर प्रत्येक चेहरा निराळा: कुणाची हनुवटी पुढे, कुणाचं नाक पडलेलं, कुणाचे डोळे लबाड. कॉलरना लेस आहे, बाह्यांना बटणं आहेत. रात्र रात्र जागून कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईने तळहाताएवढ्या अंगरख्यांना काजं केली आहेत.

सँड लिहायला बसे ती पाहुणे झोपल्यावर, आणि बरेचदा उजाडेपर्यंत लिहीत राही. तिच्या पुस्तकांत मराठी वाचकाने सुरुवात करावी ती बेरीच्या ग्रामीण कादंबऱ्यांपासून: ‘ला मार ओ द्याब्ल’ (१८४६), ‘फ्रान्स्वा ल शाँपी’, ‘ला पतित फादेत’ (१८४९) आणि ‘ले मेत्र सोनर’ (१८५३). पहिली तिने शोपँला अर्पण केली. ज्या तळ्यावरून या कादंबरीचं नाव पडलं ते जवळच्या रानात आहे. तिच्या शेवटी बेरीतल्या लग्नाचं इतकं बारकाईने वर्णन आहे, की लोकजीवनाच्या अभ्यासकांनी ते दस्तऐवज म्हणून वापरावं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सोंगं घेतलेले लोक मळ्यातला कोबी मुळासकट उपटतात, वाजतगाजत आणतात आणि वराच्या घराच्या छपरावर चढवतात. संसार फळावा म्हणून. ‘फ्रान्स्वा ल शाँपी’ची गोष्ट ताग विंचरणारा कारागीर संध्याकाळी सांगतो. प्रस्तावनेत सँडने आपली अडचण मांडली आहे: एका बाजूला पॅरिसचा माणूस आणि दुसऱ्या बाजूला शेतकरी बसला आहे असं समजून, दोघांनाही कळेल अशा भाषेत बोलायचं. ग्रामीण साहित्य लिहिणाऱ्या कुणालाही ही अडचण नवी वाटणार नाही. पुढे मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीत आई मुलाला रात्री जे पुस्तक वाचून दाखवते ते हेच.

गाव आणि ती यांचं नातं नेहमीच गोडीगुलाबीचं नव्हतं. १८४८ च्या क्रांतीत तिने पॅरिसमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूने सरकारी पत्रकं लिहिली, तेव्हा ला शात्रकडच्या प्रतिष्ठितांनी तिच्यावर कम्युनिस्ट म्हणून डूख धरला. मे महिन्यात ती नोआँला परतली; जूनमध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर कामगारांचं रक्त सांडलं आणि ती खचून गेली. ‘ला पतित फादेत’ त्यानंतरची. ती वाचताना या कथेमागची हताशा ठाऊक असावी, म्हणजे तिची कोवळीक पळपुटी वाटत नाही.

नोआँहून दोनेक किलोमीटरवर व्हिक आहे. तिथलं सेंट मार्टिनचं चर्च बाहेरून इतकं साधं, की माहीत नसेल तर माणूस पुढे निघून जाईल. आत गाभाऱ्याच्या भिंती बाराव्या शतकातल्या चित्रांनी भरलेल्या आहेत. शेकडो वर्षं ती चुन्याखाली गाडलेली होती. १८४९ मध्ये गावचे पाद्री पेरिगो यांना चुन्याच्या थराखाली रंग दिसला. सँडने ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक आणि लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांना कळवलं, आणि १८५० मध्ये चर्च संरक्षित वास्तू ठरलं.

गेरू, पिवळी माती, पांढरा, राखाडी: रंग एवढेच. माणसं लांबोडकी, डोळे टपोरे, वस्त्रांच्या चुण्या वाऱ्यावर उडाल्यासारख्या. येशू जेरुसलेममध्ये येतो आहे, शेवटचं भोजन चाललं आहे, ज्यूडास चुंबन घेतो आहे. मला खिळवून ठेवलं ते सेंट मार्टिनच्या मृत्यूच्या चित्राने. संत गेल्यावर त्याच्या देहासाठी तूर आणि प्वातिये या दोन गावांत भांडण लागलं. रात्री प्वातियेवाल्यांचा डोळा लागला तसा तूरवाल्यांनी देह खिडकीतून बाहेर काढला. भिंतीवर ते सगळं आहे: झोपलेले पहारेकरी, आणि खिडकीतून हातोहात बाहेर सरकवलेला संत. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने भक्तीच्या विषयात गावकीतली चढाओढ किती सहज आणून बसवली आहे!

या भागात हिंडायला गाडी हवी. बस आहेत, पण मोजक्या. सँडने या परिसराला ‘काळं खोरं’ म्हटलं, ते लांबून दिसणाऱ्या दाट कुंपणझाडांच्या गर्द रंगामुळे. जेवायला बटाट्याची गॅलेत, बेरीची हिरवी मसूर आणि बकरीच्या दुधाचं, पिरॅमिडच्या आकाराचं चीज मिळतं. जून-जुलैत घराच्या आवारातल्या मेंढवाड्यात शोपँच्या संगीताचा उत्सव होतो; १९६६ पासून ही प्रथा आहे. जुलैतच ला शात्रजवळ आर्सच्या गढीत मशकवाद्यं आणि व्हिएल ही तंतुवाद्यं घडवणारे कारागीर जमतात. ‘ले मेत्र सोनर’ ही कादंबरी अशाच मशकवाद्य वाजवणाऱ्यांची आहे. तिच्यातली वाद्यं आजही नवी घडवली जातात, वाजवली जातात.

सवड असेल तर नैर्ऋत्येला गार्जिलेसलाही जावं. टेकडीच्या उतारावरचं हे जेमतेम तीनशे वस्तीचं गाव सँडला १८५७ मध्ये सापडलं. तिचा सोबती, उत्कीर्णनकार अलेक्सांद्र मांसो, याने इथे दोन-तीन खोल्यांचं शेतकऱ्याचं घर घेतलं आणि तिथे आढळलेल्या एका पतंगाच्या नावावरून त्याला ‘आल्जिरा’ म्हटलं. नोआँच्या पाहुण्यांपासून सुटका हवी असली, की ती इथे येऊन लिही. तिच्या लेखनाने क्रझ नदीचं हे खोरं चित्रकारांच्या नजरेत भरलं. १८८९ च्या वसंतात क्लोद मोने जवळच्या फ्रेसलीनला, कवी मोरिस रोलिना याच्या गावी, राहिला. रोलिनाचे वडील सँडचे जुने स्नेही. पावसात काम रेंगाळलं आणि चित्रातल्या निष्पर्ण ओकला पालवी फुटली, तेव्हा मोनेने पैसे मोजून माणसांकडून ती पानं काढवून घेतली!

सँड ८ जून १८७६ रोजी नोआँच्या घरातच गेली. पावसात निघालेल्या अंत्ययात्रेत फ्लोबेर होता, धाकटा द्युमा होता, सम्राटाच्या घराण्यातला प्रिन्स नेपोलियन होता आणि शेतातून आलेले गावकरी होते. व्हिक्टर ह्यूगोने लिहून पाठवलेलं भाषण वाचून दाखवलं गेलं. गावच्या दफनभूमीला लागूनच घरच्यांची जागा आहे, तिथे ती आहे. नात ऑरोर लोत-सँड हिने १९५२ मध्ये घर सरकारला दिलं, म्हणून आज ते कुणालाही पाहता येतं.

थोरांची घरं जपताना बहुधा त्यांचा टाक, पलंग आणि तसबीर जपली जाते. नोआँत पिएर बोनँचं टेबल जपलं आहे, स्वयंपाकघर जपलं आहे, बाहुल्यांचे शिवलेले कपडे जपले आहेत, आणि फ्रान्स्वाज देलाक्रवाच्या चित्रात अमर झाली आहे. शोपँसाठी इथे जरूर जावं. पण तिथे पोचल्यावर त्या सुताराचं आणि त्या मोलकरणीचं नावही मुद्दाम विचारावं. या घरात जे घडलं त्याचं श्रेय त्यांनाही आहे, आणि सँडने ते कधी नाकारलं नाही.